सध्या फिंचचा सीझन नाही

दुकानात एकूण एकशे सत्तेचाळीस पक्षी होते. बजी नावाचे छोटे पोपट एकशे दोन, कबुतरं एकवीस, लव्हबर्ड सोळा, कॉकटील सात आणि फिंच एक. बजी मी चार वेळा मोजले, कारण ते जागा बदलतात. फिंच एकदाच मोजला. तो नर होता, आणि विकायचा नव्हता. तो दुकानदाराच्या बायकोचा होता.

"मला मादी हवी आहे," मी म्हटलं.

"सध्या सीझन नाही, ताई."

"सीझन कधी असतो?"

"माल आला की."

"आणि माल कधी येतो?"

"सीझन असला की," दुकानदार म्हणाला, आणि त्याने कबुतरांना पाणी घालायला घेतलं. हे उत्तर इतकं गोल होतं की त्यात कुठूनही शिरायला जागा नव्हती.

मला फिंच स्वतःसाठी नको होती. ती वकिलासाठी हवी होती. वकील हा माझ्या आत्याचा फिंच. अंगठ्याएवढा जीव, लाल चोच, गालांवर नारिंगी ठिपके आणि गळ्याखाली काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा. त्या रेघा वकिलांच्या गळपट्टीसारख्या दिसतात म्हणून त्याचं नाव वकील, आणि त्याच्या जोडीदारणीचं नाव नुसतं 'बाई'. रोज उजाडलं की वकील गायचा. गाणं हा शब्द आपण प्रेमाने वापरायचा. प्रत्यक्षात तो आवाज रबरी खेळण्याला कुणीतरी भराभर दाबल्यासारखा असतो. पण आत्याला एका डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळतो आणि दुसऱ्याने फक्त मोठी अक्षरं. एकतीस वर्षं टायपिस्ट म्हणून नोकरी केली, एकदाही उशिरा गेली नाही, आणि आता घड्याळ दिसत नाही याचा तिला फार राग. त्यामुळे गेली दोन वर्षं वकील हेच तिचं घड्याळ होतं. तो गायला की ती उठायची. कुणाला विचारावं लागायचं नाही.

मग बाई वारली. आठवडाभर ती पिसं फुगवून बसत होती, वजन उतरत होतं, आणि आम्हा चौघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. मला ते फार लागलं. मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रंग किती दाट, किती वेळात वाळतो, हे मोजून लिहून ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि माझ्याच घरात एक जीव ग्रॅमाग्रॅमाने कमी होत गेला, तरी त्याची कुठे नोंद नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सोनार वापरतात तसला छोटा काटा आणला. पिंजऱ्याच्या तळाला भोक पाडून त्यातून एक दांडी वर काढली आणि ती काट्यावर बसवली. वकील दांडीवर बसला की बाहेर आकडा उमटायचा. बारा पूर्णांक चार दशांश ग्रॅम. पिंजऱ्यातल्या बाकीच्या दोन दांड्या काढून टाकल्या, नाहीतर तो वजनावर बसलाच नसता. बाबांनी हे यंत्र पाहून तीन शेजाऱ्यांना बोलावलं. आईने सुद्धा, जी माझ्या कुठल्याही यंत्राला 'पसारा' म्हणते, "बरं सुचलं तुला," असं म्हटलं.

त्याच दिवसापासून वकील गप्प झाला.

"जोडीदारीण गेली ना," सगळे म्हणाले. मीही म्हटलं. पाचव्या दिवशी आत्या सकाळी खोलीतून विचारायला लागली, "उजाडलं का गं?" नवव्या दिवशी ती साडेआठपर्यंत अंथरुणात पडून होती, आणि कुणी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला वाटलं पहाट आहे." अकराव्या दिवशी तिने चहाच्या वेळी जाहीर केलं, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाही गायला तर त्याला त्या दुकानात देऊन टाका. तिथे शंभर पक्षी आहेत, त्याचं मन तरी रमेल. माझ्या खोलीत काय आहे?"

"पण आत्या, तुला त्याच्याशिवाय…"

"मला काय होतंय? मी विचारीन तुम्हाला, किती वाजले." हे ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली की बाबा उठून विनाकारण नळ बंद करून आले. नळ बंदच होता.

महिन्याची सतरा तारीख होती. मी कामाला लागले.

पहिला उपाय वरच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितला. ते निवृत्त भूमापक. "आरसा लाव. त्याला वाटेल, दुसरा कुणी आला." आरसा लावला. वकिलाने आरशाकडे पाठ केली आणि तसाच बसून राहिला. समोरच्या वहिनींनी रेडिओ लावायला सांगितला. रेडिओवर शेअर बाजाराचे भाव चालू होते. ते ऐकून बाबाच जास्त अस्वस्थ झाले. तेव्हा ठरलं, मादीच आणायची, आणि मी इमारतीच्या फलकावर चिठ्ठी लावली : 'मादी फिंच हवी. तातडीने.'

चिठ्ठी एका तासात सोसायटीच्या सेक्रेटरींनी काढली आणि ती घेऊन ते स्वतः घरी आले.

"दुसरा पक्षी आणताय म्हणजे पहिला आहे," ते म्हणाले.

"सहा वर्षं आहे," आई म्हणाली.

"पाळीव प्राण्यांच्या नोंदवहीत नाही." त्यांनी एक छापील अर्ज काढला. अर्ज कुत्र्यांसाठी केलेला होता. मी प्रामाणिकपणे भरायला घेतला. कानांची ठेवण : दिसत नाही. शेपटी कापली आहे का : नाही. आजवर किती जणांना चावला : एक, आत्या, दाणे भरवताना, रक्त नाही. 'भुंकण्याच्या वेळा' या रकान्याशी माझं पेन थांबलं. खूप विचार करून मी लिहिलं : सकाळी, सध्या बंद.

सगळ्यात कठीण होता फोटो. 'समोरून, चेहरा स्पष्ट.' पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोरून पाहिलं की नुसती चोच दिसते. मी त्रेचाळीस फोटो काढले. त्रेचाळीसही फोटोंत एक लाल ठिपका आणि भोवती नाराजी.

"यात चेहरा कुठे आहे?" सेक्रेटरी म्हणाले.

"हाच आहे."

ते बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "उदास वाटतो," ते म्हणाले, आणि अर्जावर शिक्का मारला. जाताना दारातून वळून विचारलं, "सकाळी गात असे का? आमच्या बाथरूमच्या खिडकीतून यायचा आवाज. मला वाटायचं, कुणाचं तरी दार कुरकुरतंय. मी त्यावर दाढी उरकायचो." त्या दिवसापासून ते रोज जिन्यात मला विचारायला लागले, "आमच्या वकिलांचं काय?" 'तुमच्या'चं 'आमच्या' कधी झालं त्यांनाही कळलं नसावं.

दरम्यान मी शहरातल्या अकरा दुकानांना फोन केले. प्रत्येकाला विचारलं, गेल्या दोन वर्षांत फिंच कोणकोणत्या महिन्यांत विकायला होते. नऊ जणांनी उत्तरं दिली. ती मी आलेखावर मांडली, आणि आलेख पाहून माझा ऊर भरून आला. वर्षात नेमके दोन उंचवटे, प्रत्येकी सुमारे सहा आठवड्यांचे, आणि मधे सपाट शून्य. नऊच्या नऊ दुकानांत तेच. मी त्यावर तापमान टाकून पाहिलं, दिवसाची लांबी टाकून पाहिली, हवेतला दमटपणा टाकून पाहिला. दिवसाची लांबी बऱ्यापैकी जुळत होती. एका रात्रीच्या जेवणात मी घरच्यांना समजावून सांगितलं की इतक्या दूरच्या देशातून आलेला हा पक्षी शहरभर एकाच वेळी सूर्याचं ऐकतो, हे केवढं विलक्षण आहे. बाबांनी मान डोलावून दुसऱ्यांदा भात घेतला.

दहाव्या दुकानदाराचा फोन दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला सूर्याचं सांगितलं.

"सूर्याचं माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "पण आम्हा सगळ्यांना फिंच घड्याळवाल्या काकूंकडून येतात. त्या देतील तेव्हा सीझन."

घड्याळवाल्या काकूंचं दुकान तीन पावलं रुंद होतं. भिंतीवर घड्याळं, टेबलावर दिवा आणि दिव्याखाली काकू, एका डोळ्यात भिंग अडकवलेल्या. वय साठीच्या पुढे, हात पंचविशीतले. मी आत गेले तेव्हा त्या चिमट्याने एक असं चाक उचलत होत्या जे मला दिसलंही नाही. मला वाटलं, त्या हवाच उचलतायत.

माझी नजर मात्र त्यांच्या मागच्या भिंतीकडे गेली. तिथे पुठ्ठ्याची एक मोठी तबकडी टांगली होती. बारा आकड्यांच्या जागी बारा महिने, आणि एकच काटा. महिन्यांच्या बाहेरून रंगीत खडूने लिहिलेलं : घरटी लावली. अंडी. पिल्लं. चोची काळ्या. चोची लाल. देणे. घरटी काढली. पिसं गळणे. विश्रांती. आणि पुन्हा घरटी लावली. वर्षात 'देणे' दोन ठिकाणी होतं, प्रत्येकी दीड बोटाचं. माझा पूर्ण आलेख, दमटपणासकट, त्या पुठ्ठ्यावर होता. काटा 'विश्रांती'वर होता.

"सध्या नाहीत," काकू भिंग न काढता म्हणाल्या. "घरटी उतरवली आहेत. सारखी अंडी घालायला लावलं की मादी वर्षभरात संपते. पिल्लाची चोच लाल होईपर्यंत मी देत नाही, आणि मोठ्या माद्यांना विश्रांतीत हलवत नाही. बजी घ्या."

मी त्यांना वकिलाचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, साडेआठ वाजता तिला पहाट वाटली तेही सांगितलं. तेव्हा त्यांनी भिंग काढलं.

"पिंजरा आणा," त्या म्हणाल्या. "रिकामा. गच्चीवर माझ्या मोठ्या जाळीत दार उघडं ठेवून आठ दिवस राहू दे. कुणी स्वतःहून आत जाऊन रात्री झोपली, तर ती तुमची. नाही गेली तर मी कुणाला उचलून देणार नाही. तिला घर पसंत पडलं पाहिजे ना, तुम्हालाच पसंत पडून काय उपयोग?"

माझ्या मनात आलं की आमच्या लग्नाळू मंडळींमध्येही इतकी पारदर्शक पद्धत मी पाहिलेली नाही.

पण पिंजरा एकच होता आणि त्यात वकील राहत होता. एकवीस तारखेला वकिलाचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटात हलला. बाबांनी एक लाकडी पळी आडवी घालून दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी पक्की ठोकली, ही त्याची दांडी. कपाटातलं दूध फ्रीजमध्ये गेलं. दुधामुळे फ्रीजमधल्या भाज्या बाहेर आल्या. बटाटे बाबांच्या पुस्तकांच्या कपाटात गेले, कांदे शिवणयंत्राच्या खणात, आणि पाव वॉशिंग मशीनवर. तिसऱ्या दिवशी मशीन कुणीतरी पावासकट सुरू केलं. पाव जमिनीवर आला आणि आईने मला विचारलं, "तुझ्या शिक्षणात एका पक्ष्याला किती कपाटं लागतात हे शिकवलं नव्हतं का?"

मला खरं दुःख वेगळंच होतं. पळीवर वजन होत नव्हतं. वकिलाची रोजची आकडेवारी बुडाली. उलट पिंजरा मी काट्यासकट काकूंच्या गच्चीवर ठेवला होता, म्हणजे जी कुणी पसंत करेल तिचं वजन आल्या आल्या मिळेल.

रोज संध्याकाळी कारखान्यातून सुटले की मी काकूंच्या गच्चीवर जायचे. मोठ्या जाळीत चव्वेचाळीस माद्या होत्या. विश्रांतीतल्या माद्या काय करतात हे मला तिथे पहिल्यांदा कळलं : एकमेकींना खेटून ओळीत बसतात आणि एकेक करून शेजारणीचं डोकं विंचरतात. काकू त्यांना मोजत नसत. जाळीवरून एकदा नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ती डाव्या कोपऱ्यातली आज पाणी कमी प्यायली." मी खात्री करायला गेले, आणि तसंच होतं. मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं तेव्हा माझा आवाज, आई म्हणते, मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक पाहिला होता तेव्हासारखा झाला होता.

पिंजऱ्याचा निकाल मात्र वाईट होता. बावीस तारीख : भेटी तीन, मुक्काम शून्य. तेवीस : भेटी सात, मुक्काम शून्य. चोवीस : पाच आणि शून्य. माद्या आत यायच्या, माझे महागातले दाणे खायच्या, दांडीवर क्षणभर टेकायच्या आणि निघून जायच्या. जाताना मला तर वाटायचं, एकमेकींना काहीतरी सांगायच्याही. चव्वेचाळीस जणींपैकी एकीलाही आमचं घर नको होतं. माणूस लहानसहान अपमान गिळतो, पण बारा ग्रॅमच्या जीवाने नाकारणं सोपं नसतं.

पंचवीस तारखेला आई म्हणाली, "आज कपाटातून काहीतरी म्हणाला तो."

"किती वाजता? किती सेकंद?"

"मी भांडी घासत होते गं. दोनदा म्हणाला."

आत्या तेव्हा खालच्या बाकावर बसायला गेली होती, त्यामुळे साक्षीदार नव्हता. मी कपाटाचं दार उघडून-बंद करून पाहिलं. बिजागर कुरकुरत होतं. मी वहीत लिहिलं : बिजागर. तेल घालणे.

सत्तावीस तारखेला, सहाव्या संध्याकाळी, काकू माझ्याबरोबर गच्चीवर आल्या. एकूण भेटी एकतीस झाल्या होत्या. मुक्काम शून्यच.

"दाणे बदलू का?" मी विचारलं. "की पिंजऱ्याला बाईचा वास येत असेल?"

काकूंनी खिशातून भिंग काढून डोळ्यात बसवलं, हात आत घातला आणि करंगळीचं टोक दांडीवर ठेवलं. बाहेर आकडा उमटला. त्यांनी करंगळी उचलली, पुन्हा ठेवली.

"ही दांडी हलते," त्या म्हणाल्या.

"हो, काट्यावर आहे ना. वजन पडलं की दबते. पण फक्त दोन मिलिमीटर."

"तुम्ही झोपता तो पलंग कूस बदलली की दोन बोटं खाली जातो का?"

"नाही."

"मग? फांदी दबली म्हणजे कुणीतरी चढतंय. साप, मांजर, काहीही. पक्षी पायाने झोपतो. पायाखाली हललं की जागा होतो. रात्रभर हेच." त्यांनी भिंग काढलं. "ही दांडी कधी बसवली?"

मी तारीख सांगितली. ती सांगताना माझ्या कानांना गरम वाटायला लागलं.

"आणि तो गायचा कधी थांबला?"

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला आम्हाला शिकवतात की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर परिणाम कशामुळे झाला कळत नाही. बाई गेली तिच्या दुसऱ्याच दिवशी मी दांडी बसवली, बाकीच्या दांड्या काढल्या, आणि सगळं गप्प बसणं बाईच्या नावावर टाकलं. चौदा दिवस मी त्याला झोपू दिलं नव्हतं, आणि त्याच्या थकव्याचं दशांशापर्यंत वजन केलं होतं.

"घड्याळात एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही त्याच्या काळजीने केलंत. माझ्याकडे लोक घड्याळ आपटून आणतात आणि सांगतात, आपोआप बंद पडलं. तुम्ही तारीख तरी खरी सांगितलीत."

त्यांनी काटा काढला, भोकावर पत्र्याचा तुकडा बसवला आणि गच्चीतल्या झाडाची एक खरबरीत फांदी आडवी घट्ट बांधली. बोटांनी दाबून पाहिली. मग मी दाबून पाहिली. हलली नाही.

अठ्ठावीस तारीख : मुक्काम एक.

"एक रात्र चुकून झोपली असेल," काकू म्हणाल्या. "उद्या बघू." एकोणतीस तारखेलाही तीच मादी, त्याच फांदीवर, उजवीकडून तिसऱ्या गाठीशी. काकूंनी पैसे घेतले नाहीत. वजनाच्या काट्याकडे बोट दाखवलं. "हा ठेवून जा. केसाएवढ्या स्प्रिंगा येतात माझ्याकडे, त्यांना उपयोग होईल. त्यांना झोपायचं नसतं."

मग त्या भिंतीकडे गेल्या आणि तबकडीवर 'विश्रांती'च्या शेजारी खडूने बारीक अक्षरात लिहिलं : वकिलाकडे एक. तबकडीचा काटा मात्र 'विश्रांती'वरच ठेवला.

घरी येऊन मी आत्यासमोर उभी राहिले. मादी पिंजऱ्यात, पिंजरा हातात. वकील त्याच्या पळीवरून मान वळवून बघत होता.

"आत्या, तो दुःखाने गप्प नव्हता. म्हणजे दुःख असेलही. पण तो झोपलाच नव्हता. माझ्यामुळे." मी दांडीचं सगळं सांगितलं, तारखांसकट, आणि बिजागराचंही.

आई कांदा चिरायची थांबली होती.

"म्हणजे त्याला माझ्या खोलीचा कंटाळा आला नव्हता?"

"नाही."

"मला वाटत होतं, म्हातारीशी काय बोलायचं असं झालंय त्याला." तिने हात पुढे केला, फांदी चाचपली, दाबून पाहिली. "किती हलायची म्हणालीस?"

"दोन मिलिमीटर."

"ऑफिसातल्या माझ्या खुर्चीचा एक पाय एवढाच आखूड होता. एकतीस वर्षं. मला तर कळायला हवं होतं." मग ती हसली, आणि हसताना तिने माझं डोकं इतक्या जोरात हलवलं की माझा चष्मा चिरलेल्या कांद्यात पडला.

वकील पिंजऱ्यात गेला. नवी मादी तिसऱ्या गाठीशी बसली होती. तो पाच गाठी सोडून बसला. मग चार.

रात्री आत्याने घरातल्या सगळ्यांना बजावलं की सकाळी कुणीही तिला हाक मारायची नाही. सेक्रेटरींनी जिन्यातून विचारलं तेव्हा त्यांनाही बजावलं.

तीस तारीख. पहिलं गाणं : सकाळी सहा वाजून चौतीस मिनिटं. सात वाजेपर्यंत एकूण गाणी : अकरा. दोघांमधलं अंतर : शून्य गाठी. वकिलाचं वजन : घेतलं नाही. आत्या उठल्याची वेळ : सहा वाजून पस्तीस मिनिटं.